चौतीस मिनिटांचा विमानप्रवास

पट्टीकाकांनी भिंतीवरच्या नकाशाला दोरा लावला, दोरा पट्टीवर ठेवला आणि जाहीर केलं, "चौतीस मिनिटं!"

काका नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं आरेखक होते. निवृत्त झाले, पण पट्टी सुटली नाही. नवा पलंग घेताना त्यांनी भर दुकानात काकूंचीही लांबी मोजली होती!

आता लेकीचा दातांचा दवाखाना तिच्या गावी सुरू होणार होता. दुपारी बारा वाजता फीत कापायची होती, आणि ती बाबांनीच कापायची असा तिचा हट्ट होता. काका महिनाभर हवेत होते.

"चौतीस सेंटिमीटर म्हणजे तीनशे चाळीस किलोमीटर," काका म्हणाले. "विमान तासाला सहाशे जातं. हिशेब संपला! दहाला उडायचं, दहा चौतीसला हजर!"

"त्यापेक्षा बसनं चला की," काकू म्हणाल्या. "ताई-भाऊजी बसनंच निघालेत. सहाला बसलं की अकराला तिथे."

"तुझ्या भाऊजींना बसू दे पाच तास!" साडूला मागे टाकायची अशी संधी काका सोडतात होय? काकूंनी स्वतःपुरतं बसचं तिकीट काढलं.

विमानाच्या तिकिटाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, यात मध्ये एक..."

"वेळ मला सांगू नका. मी काढलीय!"

विमानतळावर काकांच्या हातात दोन पास पडले. एक हरवला तर दुसरा असावा! कंपनीच्या या दूरदृष्टीवर काका खूश झाले.

विमान दहाला उडालं. काका घड्याळ धरून बसले. दहा चौतीसला खाली नदीचं वळण दिसलं, पूल दिसला, लेकीचं गाव दिसलं. मिनिटाचाही फरक नाही! काकांनी शेजाऱ्याला टाळी दिली आणि पट्टा सोडला.

गाव मागे गेलं.

"अहो, उतरायचं होतं!" काका ओरडले.

हवाईसुंदरी धावत आली. तिने दुसरा पास वाचून दाखवला. हे विमान पुढच्या मोठ्या शहरात जाणार होतं. तिथून मागे यायचं विमान साडेतीनला होतं.

बाराला लेकीचा फोन आला. "बाबा, कुठे आहात?"

"अगं, मघाशीच तुझ्या डोक्यावरून गेलो!"

तिने एकपर्यंत लोकांना थांबवलं. मग पुन्हा फोन केला. "बाबा, लोक निघालेत हो. मावसाकाकांना कापायला सांगू का?"

काकांना आठवलं, ती पहिलं पाऊल टाकत होती तेव्हाही ते कचेरीत कुठला तरी रस्ता मोजत बसले होते. "सांग," ते कसंबसं म्हणाले.

पाच वाजता काका दवाखान्याच्या पायऱ्या चढले. फितीचे दोन तुकडे दाराला लोंबत होते.

"विमान उशिरा सुटलं का हो?" साडूंनी मुद्दाम विचारलं.

"अगदी वेळेवर!" काका तोऱ्यात म्हणाले, पण डोळे पाण्याने भरले होते.

लेकीने त्यांचा हात धरून आत नेलं. "फितीचं जाऊ द्या. पहिला पेशंट तुम्हीच, म्हणून सकाळपासून या खुर्चीत कुणाला बसू दिलं नाही मी."

काका खुर्चीत बसले, सावरले आणि लगेच सुरू झाले, "त्याचं काय आहे, दोरा बरोबरच होता, फक्त..."

"बाबा, आ करा."

काकांनी आ केला. तिने आत आरसा घातला. खोलीत चक्क शांतता पसरली.

काकू दारातून बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काय गं, अशी एक खुर्ची घरी बसवता येईल का?"