पूर्ववत करायची कुणी?

परीक्षा मंडळाच्या संगणक विभागात एक शिस्त कसोशीने पाळली जाई: दुसऱ्याच्या प्रोसीजरमध्ये नाक खुपसायचं नाही. प्रत्येक विभागाने आपापली प्रोसीजर, म्हणजे एकेका कामाचा छोटा प्रोग्राम, लिहायची, मुख्य प्रोग्रामने ती वेळेवर बोलवायची, आणि कुणी कुणाला जाब विचारायचा नाही.

क्रीडा विभागाची प्रोसीजर खेळाडूचे अपूर्णांकातले गुण वरच्या आकड्यावर न्यायची, शिस्त विभागाची कॉपीबहाद्दराचे खालच्या आकड्यावर आणायची. पूर्णांक वर करायचा की खाली, ही दिशा सगळ्या प्रोग्रामला मिळून एकच होती; पण जाताना ती पूर्ववत करायची सवय दोघांनाही नव्हती. त्यामुळे खेळाडूच्या मागच्या क्रमांकांची साधीसुधी मुलंही वर चढत आणि कॉपीबहाद्दरामागची खाली घसरत.

मुख्य प्रोग्रामरला हे कळलं ते कच्च्या निकालात स्वतःची मुलगी नापास दिसली तेव्हा. तिला एकोणचाळीस पूर्णांक सहा दशांश गुण होते. जवळच्या आकड्याच्या साध्या नियमाने चाळीस, म्हणजे पास. पण तिच्या आधीच्या क्रमांकाचा मुलगा बाहीत चिठ्ठ्या घेऊन आला होता. चोराला फाशी झालीच, मागे संन्याशांची रांग लागली.

तो तडक शिस्त विभागात गेला. “साहेब, काम झालं की दिशा होती तशी करून ठेवा ना. एका ओळीचं काम आहे.”

“आम्हाला बोलावलं कुणी? तुम्ही. मग आवरायचं कुणी?”

“पण बिघडवलंत तुम्ही!”

“बिघडवलं नाही. शिस्त लावली.”

प्रकरण समितीकडे गेलं. ‘पूर्ववत म्हणजे नेमकं कुणाच्या पूर्वीचं?’ यावर समितीत फूट पडली. शेवटी तोडगा निघाला: क्रमांकांची फेरमांडणी करून प्रत्येक कॉपीबहाद्दरामागे एक खेळाडू उभा करावा. खेळाडू कमी पडले म्हणून लपाछपीलाही खेळाची मान्यता मिळाली, तरी ते पुरेनात. आया खेळाडूंच्या आयांचे पाय धरू लागल्या: “ताई, तुमच्या पोरामागे आमच्या पोरीला घ्या हो!”

प्रोग्रामरने दिशा पूर्ववत करणारी ती ओळ स्वतःच लिहून मंडळाच्या अध्यक्षांपुढे ठेवली.

“हिला मंजुरी पुढच्या वर्षी,” अध्यक्ष मायेने म्हणाले. “मुलीला खेळाडूमागचा क्रमांक मात्र आज देतो.”

त्याने घरी फोन लावला. बायको म्हणाली, “पोरगी पास होतेय ना? मग त्या ओळीचं काय घेऊन बसलात?”

मुलगी पास झाली. त्याला लाज वाटली, पण पेढे वाटून होईपर्यंतच.

पुढच्या वर्षी ओळ पालकसभेपुढे मतदानाला आली. तत्त्वतः विरोध कुणाचाच नव्हता. हात वर करण्याआधी प्रत्येकाने फक्त एवढंच विचारलं, “आमचा सध्या कुणाच्या मागे आहे?” सगळ्यात आधी विचारलं ते मुख्य प्रोग्रामरने, यंदा त्याचा धाकटा परीक्षेला होता.

वाचकहो, हसा खुशाल. तुमचंही पोर कुठल्या ना कुठल्या रांगेत उभं असेलच, आणि त्याच्या पुढे कोण आहे हे तुम्ही केव्हाच पाहून ठेवलं असेल.