सासूबाई बऱ्या झाल्या

सकाळी सासूबाईंनी सुनेला "ताई" अशी हाक मारली आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या. "वेणी घाल ना गं. शाळेला उशीर होतोय."

सून हातात उलथनं घेऊन तशीच उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी तिला "अगं ए" याखेरीज दुसरी हाक मारलेली नव्हती. तिच्या स्वयंपाकात, केर काढण्यात आणि माहेरात त्यांना रोज नवी खोट सापडायची.

"आईचं डोकं गेलं," नवऱ्याने बहिणीला फोनवर सांगितलं. नणंद तिकडे रडायला लागली. दुपारपर्यंत त्याने आईच्या हाती लागू नयेत म्हणून कपाटाच्या किल्ल्या लपवल्या, आणि कुठे लपवल्या ते स्वतःच विसरला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. "बाथरूमला सारख्या जातात का?"

"कालपासून हेलपाटेच चाललेत."

"जळजळ?"

"त्या कुठे काय सांगतायत."

ओटीपोट दाबल्यावर सासूबाई कळवळल्या. "लघवी तपासून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात लघवीत जंतू झाले की कधी कधी माणूस असं भरकटतं."

सासूबाई बाटली घेऊन आत गेल्या आणि ती भरून हसत बाहेर आल्या. संध्याकाळी तपासणीवाल्याचा फोन आला. "हे नळाचं पाणी आहे हो."

"मग काय तर," सासूबाई म्हणाल्या, "असलं कुणी लोकांना दाखवतं का? मी चांगली घासून भरून दिली."

दुसऱ्या बाटलीच्या वेळी मुलगा दाराबाहेर उभा राहिला. "आई, पाणी नको. ते दुसरं." त्याचा आवाज एवढा चढला की शेजारीण जिन्यात थबकली. शेवटी सून आत शिरली. सासूबाईंनी तिचा खांदा घट्ट धरला. "तू आहेस म्हणून हं, ताई."

जंतू निघाले. गोळ्या आणि भरपूर पाणी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सून वेणी घालत असताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुला गंमत सांगू? माझी सून फार गुणी आहे."

सुनेचे हात केसांतच थांबले. "मग तिला सांगत का नाहीस?" तिच्या तोंडून त्यांच्यासाठी पहिल्यांदाच 'तू' निघालं.

"सांगितलं तर ती हसून कामाला निघून जाईल. टोचून बोललं की उत्तर द्यायला तरी थांबते. नाहीतर म्हातारीजवळ कोण बसतंय?"

गोळ्या लागू पडल्या. दोन-तीन दिवसांनी सून फणी घेऊन आली, तर सासूबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "माझे केस मला विंचरता येतात. तिकडे दूध उतू जातंय ते बघ."

नवऱ्याने आनंदाने बहिणीला फोन लावला. सून गॅस बंद करून ओट्याला टेकली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

"आता कशाला रडतेस? बरी झाली ना ती."

"हो. बऱ्या झाल्या."

पाकिटात अजून गोळ्या उरल्या होत्या. दुपारी सुनेने एक पुढे केली.

"नको ती. मला आता काही होत नाही."

"डॉक्टरांनी सगळ्या संपवायला सांगितल्यात, आई."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

एरवी सून उभ्याउभ्या एखादं उत्तर देऊन निघून गेली असती. आज तिने खुर्ची ओढली आणि समोर ठाण मांडलं. "सगळं कळतं. आणि आजारी पडायच्या आधी माझ्या आमटीबद्दल जे बोललात ना, त्याचंही उत्तर द्यायचं राहिलंय."

सासूबाई सावरून बसल्या. भांडण चांगलं दिवेलागणीपर्यंत पुरलं. मधेच केव्हातरी त्यांनी गोळी गिळून टाकली, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.