बिनतारीचं मौन

"मनुष्याच्या आत्म्याला लागलेली खरी कीड म्हणजे त्याची जीभ," सलूनवाल्याने न्याहारीला बसताच जाहीर केलं. "नाताळला बाळ येशूचं स्वागत करायचं, तर आधी ही जीभ धुऊन-पुसून लख्ख करायला हवी. म्हणून नाताळपर्यंतच्या या चार आठवड्यांच्या आगमनकाळात दुकानाच्या उंबरठ्याआत माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही." यानंतर मौनाचं महत्त्व या विषयावर तो इतका वेळ बोलला, की आगमनाची पहिली मेणबत्ती अर्धी जळाली आणि चहावर साय धरली.

"सुरुवात यंदाच करणार ना?" बायकोने विचारलं.

तिच्या शंकेला कारण होतं. अख्खं गाव त्याला बिनतारी म्हणत असे. गेल्या नाताळच्या तोंडावर त्याने बायकोचे थोरले भाऊ गाडी चालवण्याच्या परीक्षेत पुन्हा नापास झाल्याची बातमी, "कुणाला सांगू नका" असं एकेकाला बजावून, गावभर केली होती. भाऊंचं औषधांचं दुकान. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं खोकल्याचं औषध घेताघेता विचारू लागली, "आणि गाडी मागे घेता येत नसेल तर त्यावर काही गोळी आहे का?" तेव्हापासून भाऊंनी बहिणीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. नाताळच्या जेवणाला त्यांची खुर्ची रिकामी राहिली. बायकोने त्या खुर्चीपुढेही ताट वाढलं, आणि ती कुणाला काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं सलूनवाल्याला वर्षभर पचलं नव्हतं. यंदा भाऊ जेवायला यायलाच हवे होते. बिनतारी सुधारला हे त्यांच्या कानावर गेलं, तर येतील. हा त्याचा हिशेब.

"उत्तम संकल्प," चर्चमध्ये हे ऐकून फादर म्हणाले. "पण व्रताचा डांगोरा पिटू नकोस. पिटलास की पुण्य गेलं." म्हणून दुकानात ना पाटी लागली, ना कुणाला खुलासा मिळाला. घोटाळा झाला तो इथेच.

पहिला आला बँकेतला रोखपाल. गळ्यावर फेस, फेसावर वस्तरा, आणि दुकानात कधी नव्हे ती शांतता.

"काय म्हणतंय गाव?" रोखपालाने विचारलं.

वस्तरा सरकला. 

"माझ्याबद्दल काही ऐकलंस का?"

सलूनवाल्याने आरशातून त्याच्याकडे रोखून पाहिलं. खरं तर तो दोन्ही कल्ले सारखे झालेत का, एवढंच पाहत होता.

रोखपालाने आवंढा गिळला. वस्तऱ्याखाली हे काम सोपं नसतं. "म्हणजे कळलंय तुला. बरं, मीच सांगतो. शेजाऱ्यांचा पोपट उडून गेला नाही. मी सोडला. माझ्या बायकोच्या आवाजात हाका मारायचा रे तो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

त्याच्यामागून आलेल्या शिंप्याने तर कापड गळ्याला बांधायच्या आतच हात टेकले. "गिऱ्हाइकाचा कुठलाच कोट माझ्या अंगावर एखादं लग्न पाहून आल्याशिवाय त्याला मिळत नाही," तो म्हणाला. "पण डाग पडू देत नाही हां. रस्सा असला की मी जेवतच नाही."

दोघंही हलक्या मनाने गेले आणि दाढी उगवायची वाटही न बघता परत आले. येताना ओळखीपाळखीचे घेऊन आले. बाकावर जागा पुरेना. सलूनवाल्याचे मात्र हाल हाल झाले. आयुष्यभर ज्या बातम्यांसाठी तो जिवाचे कान करत होता, त्या आता आपण होऊन खुर्चीत येऊन बसत होत्या, आणि त्याच्या तोंडाला कुलूप. घरी बोलायची मुभा होती, पण तोंड उघडलं की बायको म्हणे, "दुकानातलं दुकानात." ऐन थंडीत त्याला घाम फुटू लागला. आणि तो घाम बघून लोक आणखी खोलातलं सांगू लागले.

शेवटी फादर स्वतः आले. "लोकांचं पापनिवेदन ऐकायला मी चर्चमध्ये एकटा बसून पेंगतोय, आणि रांग तुझ्या दारात?" एवढं बोलून ते रागारागाने खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज खाली आला. आणखी थोड्या वेळाने ते कुजबुजू लागले. काय ते इथे सांगणं बरं नाही. सलूनवाल्याच्या हातून कंगवा पडला, एवढंच.

नाताळच्या आदल्या दिवशी बाक गच्च भरला होता. तेवढ्यात दारात भाऊ उभे राहिले. बाकावरच्यांनी सरकून वाट दिली. भाऊ खुर्चीत बसले.

"बहिणीने गळ घातली म्हणून आलोय, जावईबुवा," ते आरशाला म्हणाले. "मला लांबड नको. 'माफ करा' एवढं म्हणा, उद्या जेवायला येतो."

सलूनवाल्याने घाईघाईने हात जोडले. जोडलेल्या हातांत उघडा वस्तरा होता.

"तो आधी खाली ठेवा," भाऊ म्हणाले.

त्याने वस्तरा ठेवला आणि व्रत कुणासाठी आहे हे कळावं म्हणून छताकडे बोट दाखवलं. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मला वर पाठवायची तयारी आहे तर." गळ्यातलं कापड सोडत ते उठले. "माझ्या भाबड्या बहिणीची गाठ पडली ती असल्या माणसाशी. तिला सांगा, ताट वाढू नकोस."

भाऊंचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. व्रत संपायला जेमतेम संध्याकाळपर्यंतचा अवकाश होता. सलूनवाल्याने खिळ्याला लटकलेल्या क्रुसाकडे पाहिलं, मग भाऊंच्या पाठीकडे, आणि तोंड उघडलं.

त्यासरशी सगळा बाक उभा राहिला. शिंप्याने अंगातल्या कोटाची बटणं लावून घेतली. रोखपालाने डोळे मिटले.

"माफ करा, भाऊ," सलूनवाला म्हणाला. "चुकलं माझं." आणि त्याने ओठ असे आवळले, की दात दुखले.

  भाऊ परत येऊन खुर्चीत बसले, कापड स्वतःच गळ्याभोवती ओढून घेतलं आणि घसा खाकरला.

"उद्या येतो," ते म्हणाले. मग बाकाकडे चोरून बघत त्यांनी मान जवळ आणली. "वर्षभर पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे केस कापून घेतोय मी. तो मेला काहीच बोलत नाही हो. जरा गावात काय चाललंय ते सांगा ना."