हरकऱ्यांचे अठ्ठेचाळीस व्होल्ट

शोकसभेत दोन मिनिटं शांतता पाळायची असते, हे बापूसाहेब हरकऱ्यांना कोणी तरी लेखी द्यायला हवं होतं. आमच्या मराठी मंडळाचे जुने चिटणीस गेले, अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि माइक मुका. अध्यक्षांनी प्रसंग ओळखून भाषणाऐवजी शांतताच जाहीर केली. सगळे माना खाली घालून उभे. एवढ्यात मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "काहून बोलेल तो? अठ्ठेचाळीस कुठं देऊन राहिले त्याला?"

दिवंगतांच्या मेहुण्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. हे गृहस्थ माझे शेजारी आहेत हे त्याला कोणी तरी सांगितलं असावं. मी सभा संपल्यावर त्याला समजावलं, की अठ्ठेचाळीस म्हणजे व्होल्ट, आणि यांना हे असं अधूनमधून होतं.

हरकरे तोफांच्या कारखान्यात चाचणी विभागात होते. जन्मभर धडाड्धूम ऐकलेला माणूस निवृत्त झाल्यावर मुंगीचं पाऊल टिपणारे माइक गोळा करायला लागला. घरात एकटेच. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा हैदराबादला. त्यामुळे त्यांना थांबवणारं कोणी उरलं नाही, आणि या हिंदी मुलखात आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक माझं. म्हणजे हे सगळं मराठीतून ऐकायला एक मीच.

तर ऐका तुम्हीही. हे माइक साधे नव्हेत, कंडेन्सर. ज्या वायरीतून आवाज बाहेर यायचा, त्याच वायरीतून आधी अठ्ठेचाळीस व्होल्ट आत जावे लागतात. त्याला फँटम पॉवर म्हणतात. ती मिळाली नाही तर हजारोंचा माइक मुसळासारखा पडून राहतो. मिळाली, तरी त्याचा आवाज इवलासा. तो वाढवायला प्रीअँप नावाचा डबा लागतो. आणि कुठलाही डबा चालत नाही. रेल्वेत पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला ही माहिती का असावी? कारण माझं घर त्यांच्या घराला लागून आहे आणि गुडघ्यांमुळे मला पळता येत नाही.

माइकला प्रीअँप शोधणं याला हरकरे 'स्थळ पाहणं' म्हणत. "मुलगी नाजूक आहे, पाठकजी," मांडीवर माइक घेऊन ते सांगत, "आणि हा डबा सूं करून राहिला. अशा घरी कशी देऊ?" सूं म्हणजे डब्याची स्वतःची बारीक शीळ. मला ती कधीच ऐकू आली नाही. ते मात्र कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, मान हलवत आणि "नाही जमत" म्हणत. नाकारलेले सात डबे पलंगाखाली रांगेने पडले होते. आठवा त्यांनी स्वतः जुळवला, त्याची पेटी रिछाईच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून वाकवून आणली, आणि आतल्या जोडाला चांदीची तार हवी म्हणून थेट सराफ्यात गेले. सोनाराने भिंग लावून पेटीत पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, ये पहनेंगे कहाँ?" हा किस्सा हरकऱ्यांनीच मला सांगितला, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं.

त्यांच्या या विद्येचा एकमेव जाहीर उपयोग मागच्या गणपतीत झाला. मंडळाचा साधा माइक त्यांनी "ठोकळा" म्हणून बाजूला सारला आणि आरतीला आपली नाजूक मुलगी उभी केली. आरती उत्तम ऐकू आली. आरतीबरोबर टाळ, पंखा, प्रसादाच्या वाट्या आणि तिसऱ्या रांगेतून मी बायकोच्या कानात म्हटलेलं एक वाक्यही ऐकू आलं, "अध्यक्षांच्या सुरापेक्षा म्हैस बरी." चारही स्पीकरांतून. अध्यक्षांनी आरती पूर्ण केली, पण माझ्याशी ते आजतागायत बोलत नाहीत. हरकरे मात्र आनंदाने मला मिठी मारायला आले. "पाहिलं, पाठकजी? तिसरी रांग पकडली!"

तेव्हापासून मी त्यांना पाण्यात पाहतो.

म्हणून गेल्या महिन्यात समोरचे तिवारीजी तणतणत आले तेव्हा मला आतून बरं वाटलं. मागच्या बोळातून जाताना त्यांनी पाहिलं होतं, हरकऱ्यांच्या मागच्या खिडकीत माइक उभा होता, स्टँडवर, बाहेर तोंड करून. डब्याचा लाल दिवा चालू. गणपतीचा किस्सा गल्लीला ठाऊक होताच. "पाठकजी, ये तो सरासर जासूसी है," तिवारीजी म्हणाले. "आप उनकी भाषा के हैं। आज हटवा दीजिए, नहीं तो हम थाने जाएँगे।"

बायकोला न सांगता मी निघालो. तिला हरकऱ्यांचा पुळका आहे, ती अडवते. बारा वाजले होते. जाताना मनात वाक्यं जुळवत होतो, आणि ती बरीच चांगली जुळली होती.

हरकऱ्यांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू. जमलं शेवटी स्थळ. आठवा डबा. सूं नाहीच!"

"बापूसाहेब, तो माइक खिडकीतून काढा. गल्ली पोलिसांत जायला निघाली आहे."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, वाद घालतील, व्होल्ट सांगतील. ते नुसते म्हणाले, "आजच?"

"आत्ता."

"अच्छा." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "साडेबारा होऊ द्या नं. मग काढतो. तुमच्यासमोर काढतो." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

रागातही मी ऐकत राहिलो, हे कबूल करतो. आधी कावळा. मग विळीवर काकडी चिरल्याचा आवाज, इतका जवळ की बोट जपावंसं वाटलं. भांड्यावर झाकण. बांगड्या. त्या बांगड्या मी ओळखल्या. हे माझंच स्वयंपाकघर होतं! मी हेडफोन उपटून काढणार, तोच कानात माझी बायको, शैला, म्हणाली, "अहो, पानं वाढली, या नं!"

मी सवयीने अर्धा उठलो. हरकऱ्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, "झाली हाक?" म्हणाले, आणि उठून आत गेले. परत आले ते ताट घेऊन. त्यात सकाळच्या दोन पोळ्या होत्या, वांग्याची भाजी होती, चिमूटभर मीठसुद्धा डावीकडे वाढलेलं होतं.

"तुम्ही रोज आमचं ऐकता?" माझा आवाज चढला.

"हेच एक. हाक झाली की बंद करतो, आईशपथ." सत्तरीच्या माणसाने गळ्याला चिमटा घेतला. "एकट्याला भूक समजत नाही हो. तीन-तीन वाजायचे. मग चहा पिऊन राहायचो. मुलगा फोन करतो रोज. 'पापा, खाना खाया?' मी म्हणतो, खाया. तो विचारतो, पाठकजी. बोलवत कोणी नाही."

मी हेडफोन काढून खाली ठेवला.

"उघड्या कानांनी नाही येत. ते कान तोफांनी नेले. आणि आधीच्या डब्यांत 'पानं वाढली, या' इथपर्यंत यायचं. वहिनी 'नं' बारीक म्हणतात, तो सूंमध्ये बुडून जायचा." ते पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "नुसतं 'या' म्हणजे हुकूम झाला. 'या नं' म्हटलं की माणूस उठतो."

चार वर्षं, आठ डबे, सराफ्यातली चांदी, हे सगळं एका 'नं'साठी चाललं होतं. मी या माणसाला मूर्ख म्हणत आलो आहे आणि अजूनही म्हणतो. पण मला त्या दिवशी त्यांच्यासमोर बसवेना. माझ्या घरात ती हाक रोज येते आणि मी पेपरमागून "हो, हो" म्हणून तिला दहा मिनिटं ताटकळत ठेवतो.

"आणि आमची भांडणं?" दारातून मी विचारलंच.

"ती तुम्ही हिंदीतून करता," ते म्हणाले. "ती मला माइकशिवाय येतात."

त्यांनी ताट बाजूला ठेवून वायर काढायला हात घातला. मी म्हटलं, "जेवा आधी."

बाहेर तिवारीजी उभेच होते. मी त्यांना सांगितलं, की या माइकला फक्त समोरचं ऐकू येतं, पाठीमागचं नाही, आणि त्याचं तोंड माझ्या घराकडे आहे. ते म्हणाले, "तो आपको कोई दिक़्क़त नहीं?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी इतकी वर्षं हरकऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी साडेबाराच्या आधीच पाटावर जाऊन बसलो. शैलाने वरणभात वाढला, लिंबाची फोड ठेवली. मी उठलो आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

"आता कुठं चालले?"

"हाक मार."

"समोर तर बसले होते! काय होऊन राहिलं तुम्हाला?"

"मार नं."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, हरकऱ्यांच्या बाजूला. आदल्या दिवसापासून मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले, खिडकीपाशी गेली आणि कधी नव्हे इतकी सावकाश हाक मारली, "अहो, पानं वाढली, या नंऽ!"