बसलेला घसा आणि आत्याचं आलं

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी मी ठरवून टाकलं, आपला घसा बसलाय. (बसला नव्हता. माझ्या घशाला काय धाड भरलीय, मी हाक मारली की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठतं.)

विज्ञानाच्या सरांनी सांगितलेलं, ज्याला बोलता येत नसेल त्याने दहा उत्तरं घरून लिहून आणायची. घरून लिहिणं म्हणजे काय, तर हुशार पोराची वही मागून आणणं. मी नववीत दुसऱ्यांदा आहे. धाकटी बहीण चिमटी आठवीत. यंदा परत गचकलो तर पुढच्या वर्षी ती माझ्याच वर्गात येणार आणि सगळ्यांसमोर मला दादा म्हणणार. त्यापेक्षा मुका झालेलं बरं.

आई-बाबा कामावर गेलेले. घरात आत्या होती, इथेच माझं गणित चुकलं. आत्या कपडे शिवते आणि माणसं आल्याने दुरुस्त करते. सर्दीला आलं, अपचनाला आलं, गाडी लागली तर आलं, बाबांच्या गुडघ्याला सुंठ. (एकदा शिलाई मशीन अडलं तेव्हाही तिची नजर आल्याच्या टोपलीकडे गेली होती.)

मी तिच्यापुढे गळा धरून नुसतं तोंड उघडमीट केलं.

"आवाज गेला होय," म्हणत तिने गळ्यातली टेप काढली आणि आलं मोजलं. चांगलं दोन इंच. किसलं, पिळलं, चमचाभर मध घातला. मी जोरजोरात मान हलवली.

"मान पण आखडलीय वाटतं," आत्या म्हणाली आणि चमचा आत सारला.

नको म्हणायला आवाज हवा ना. तो तर मीच घालवलेला. रस खाली उतरला तशी आग पेटली, मी पोट धरलं.

"आत्या, दादाचं पोटसुद्धा दुखतंय गं," चिमटी म्हणाली. तिला सगळं कळलेलं. असल्या वेळी ती फार मायाळू होते.

"मग सांगायचं नाही का रे बाळा." लगेच आल्याचे काप, वर मीठ, वर लिंबू. चावून खा म्हणे. चावले. कानातून वाफा निघाल्या. मी कपाळावर हात मारला.

"डोकं पण, आत्या," चिमटी म्हणाली.

आत्याने सुंठ उगाळली आणि कपाळाला हा जाड लेप लावला. घामाने तो ओघळला, तो थेट डोळ्यात.

"आत्या, डोळा गेला माझा, आधी पाणी दे, पाणी," मी कोकललो.

आत्या शांतपणे हात पुसत म्हणाली, "बघ, घसा मोकळा झाला की नाही? चल, शाळेत सोडते तुला."

वर्गात बघतो तर सर गळ्याला मफलर गुंडाळून बसलेले. फळ्यावर लिहिलेलं, 'माझा घसा बसला आहे. तोंडी रद्द. सर्वांनी उत्तरे लिहून आणावीत.' एकोणचाळीस पोरं हवेत होती. मीही उडणारच होतो, तेवढ्यात मागे आत्याने पिशवी उघडल्याचा आवाज आला.

"सर, दोन चमचे घ्या फक्त. हा सकाळपर्यंत मुका होता. विचारा त्याला."

सरांनी भुवया उचलून माझ्याकडे बघितलं. आता नाही म्हणावं तर सोंग उघडं पडतं, हो म्हणावं तर...

"हो सर," मी म्हणालो. "खडखडीत बरा झालो."

सरांनी घेतलं. वीस मिनिटांत त्यांचा आवाज आला, किरटा, पण आला. त्यांनी फळा पुसला. सगळा वर्ग माझ्याकडे असा बघत होता की मी खिडकी किती उंच आहे ते बघून घेतलं.

"पहिला तूच ये," सर म्हणाले. "आमच्यावर उपकार केलेस, म्हणून तुझ्या ओळखीचंच विचारतो. आलं म्हणजे झाडाचा कोणता भाग?"

पोटात पावशेर आलं असलेला माणूस आणखी काय उत्तर देणार. मी छाती काढून म्हणालो, "मूळ, सर."

"खोड," सर म्हणाले. "जमिनीखाली वाढतं, पण असतं खोडच. नापास. पुढचा."

सरांचा घसा काही फार सुटला नव्हता. नवीन प्रश्न सांगण्याइतका तर नव्हताच. त्यांनी प्रत्येकाला नुसती खूण केली, तोच प्रश्न. एकोणचाळीस पोरं एकामागून एक उठली, खोड म्हणाली आणि पास होऊन बसली.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत मिरवलं.