फौजेस चेहरे आले त्याची बखर

रंग देणाऱ्या देवास आणि डोळे देणाऱ्या देवीस नमन करून लिहितों ऐसीजे. शके अठराशें चाळीस, आमचे धाकटे बहिणीचें लग्न जाहलें आणि लग्नास साखर मिळेना, त्या सालीं मोठें युद्ध सरलें. जर्मन मुलखीं एका राज्यांत कोनराड वाइगांड नामें दरबारचे चितारी होते. दरबारचा रिवाज ऐसा कीं, सेनापतीचा चेहरा तेवढा पाहोन काढावा, आणि फौजेस एकच खाका लावावा. खाका म्हणजे टोचलेला कागद. वरून कोळशाची पूड थापटली कीं खालीं चेहरा उमटे, मग सारी फौज एका आईची दिसे. चितारी युद्धास गेले, तेही पिशवींत खाका घेऊन गेले. खंदकांत माथियास नामें सुतार शेजारीं होता. तो खाका पाहोन हंसला आणि बोलिला, "चितारीबुवा, इथें दोन चेहरे सारखे दाखवा, माझा पाव तुमचा." मग चितारी हिंडले, चिखल पुसोन चेहरे पाहिले, आणि जोडी मिळाली नाहीं. माथियास म्हणाला, "मग आम्हांस घाऊक कां मारतात?"  दुसरे दिवशीं तोफेनें माथियास पडला, पाव तसाच राहिला. मग चितारी यांणीं खाका विस्तवांत घातला, आणि राज्य रयतेचें असावें म्हणणाऱ्या शिपायांचे सभेंत जाऊन बसले.

चितारी परत आलियावर सेनापतींचा हुकूम जाहला कीं, दिवाणखान्यांत भिंतभर विजयचित्र काढावें. पराजय जाहला होता, तरी विजयचित्र पाहिजे होतें. चितारी यांणीं पडद्याआड काम केलें, आणि रिवाजाप्रमाणें सर्व रयतेसमोर पडदा सारिला. तों सेनापतींचा घोडा कोपऱ्यांत शेपटीपुरता, आणि भिंतभर पडलेले शिपाई, ज्याचा त्याचा चेहरा. सेनापती पुसते जाहले, "आम्ही कोठें?" चितारी म्हणाले, "हुजूर खंदकांत दिसले नाहींत. दिसलें तें काढिलें." सेनापती कोपले, आणि चुना मारोन चित्र बुजवावें, चितारी यांस कैद करावें, ऐसा हुकूम केला. मग माथियासची आई गेर्ट्रूड धोबीण पुढें जाहली आणि म्हणाली, "हा माझा माथी. भुवईस छिन्नी लागली होती, ती खूण बघा." मग दुसरी आई आली, मग तिसरी, आणि भिंतीपुढें आयांची भिंत जाहली. चुना घेतलेल्या शिपायानें वर पाहिलें आणि कुंचा बादलींत टाकिला. "सरकार, हा माझा भाऊ. याच्या तोंडावर मी चुना मारणार नाहीं." दुसऱ्यास सांगितलें, त्याचा मामा निघाला. तिसरा म्हणाला, "माझें कोणी नाहीं यांत, पण ही बाई मला भिंतीपाशीं जाऊं देईल काय?" मग सेनापती यांणीं स्वतां कुंचा घेतला. आया हालल्या नाहींत. चुना थेंब थेंब बुटांवर गळला, आणि सेनापती मागील दारानें निघोन गेले. चितारी यांस कैद करावयास कोणी राहिलें नाहीं, दिवाणखान्याचें दार पुनः लागलें नाहीं, आणि फत्ते जाहली.

सारांश इतकाच. माथियास सुतार युद्धाचे शेवटले वर्षीं मेला. कोनराड वाइगांड चितारी शके अठराशें बावन्न, माघ मासीं, मेले. चित्र भिंतीवर आहे.