दाराखालून दिसलेली नात

काकूंचं घासणारं दार आपणच दुरुस्त करायचं, असं शिट्टीने ठरवलं तेव्हा ती जिन्यात उभी होती. हातात बिस्किटांचा पुडा होता आणि डोळ्यांतून पाणी यायच्या बेतात होतं. ठरवल्याबरोबर पाणी जागच्या जागी थांबलं. या मुलीचं हे असंच. काहीतरी करायला मिळालं की तिचं दुःख पळून जातं. (मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरी मुक्कामाला जातं, ती गोष्ट वेगळी.)

शिट्टी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती जन्मली परदेशात, शिकली परदेशात, आणि एक दिवस आईवडिलांना सांगून मोकळी झाली की आजोबा ज्या गावातून इकडे आले तिथे मी नोकरी करणार, एकटी राहणार आणि आपली माणसं हुडकून काढणार.

आई म्हणाली, "अगं, तिथे आपलं आता आहे कोण?"

"तेच तर बघायला चाललेय. त्यात काय एवढं? दोन मिनिटांचं काम!"

हे तिचं ठरलेलं वाक्य. नोकरी मिळवणं दोन मिनिटांचं काम, खोली भाड्याने घेणं दोन मिनिटांचं काम, अनोळखी गावात बस बदलून बदलून कामावर पोहोचणंही तेवढंच. आणि कौतुकाची गोष्ट अशी की यातलं बहुतेक तिने करून दाखवलं. एका मोठ्या गोदामात ती सेफ्टी ऑफिसर झाली. म्हणजे कुणी डुगडुगत्या स्टुलावर चढलं, कुणी ओल्या फरशीवरून पळालं, की गळ्यातली शिट्टी फुंकायची आणि त्या माणसाला बाजूला घेऊन, तू कसा पडला असतास आणि पडल्यावर तुझं काय काय मोडलं असतं, हे मायेने समजावून सांगायचं. सगळं गोदाम तिला शिट्टी म्हणू लागलं. तिलाही ते आवडलं. घरी येतानाही ती शिट्टी गळ्यातच असायची.

माणसंही तिने शोधली. आजोबांनी सांगून ठेवलेला रस्ता, रस्त्याच्या वळणावरची ती इमारत, पहिला मजला. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचे धाकटे भाऊ अजून खुर्चीत ठणठणीत बसलेले होते. त्यांचा मुलगा शिंपी, दुकान खालीच. त्याची बायको घर सांभाळायची आणि जमेल तसं नवऱ्यालाही. शिट्टीने पहिल्या दिवसापासून त्यांना धाकटे आजोबा, काका आणि काकू म्हणायला सुरुवात केली. ते मात्र तिला काहीच म्हणेनात.

काकांच्या मनात एकच भुंगा. "इतक्या वर्षांनी परदेशातून कुणी मायेपोटी येतं का? घरात वाटा मागायला येतात." (घर म्हणजे दोन खोल्या आणि एक बाथरूम. पण संशयाला जागा फार लागत नाही.)

शिट्टीने जुना फोटो दाखवला. धाकट्या आजोबांनी तो जवळ धरला, लांब धरला, उलटा करून मागे पाहिलं.

"दादासारखा दिसतो खरा. पण फोटो काय, कुणाकडेही असतो."

"आजोबा, मी त्यांची नात आहे हो!"

"असशीलही. गुणाची आहेस खरी. पण दादाच्या वळणाची वाटत नाहीस. दादा असा नीटनेटका नव्हता."

आता याला ती तरी काय करणार? दर रविवारी ती यायची आणि आल्या आल्या सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ करायची, गॅसचं बटण तपासायची, काकूंच्या कढईचा दांडा आत वळवायची, धाकट्या आजोबांच्या गुळगुळीत झालेल्या चपला उचलून "या घालायच्या नाहीत" म्हणून दटावायची. आपण केवढी आपुलकी दाखवतोय, असं तिला वाटे. इकडे म्हाताऱ्याची मान दर रविवारी थोडी जास्तच हले. छे, छे. दादाच्या रक्तात ही असली काळजी नव्हती.

त्या घरात एक गोष्ट शिट्टीला फार भावली होती. बाथरूमचं दार. ते खालून इतकं आखूड होतं की आत गेलेल्या माणसाचे पाय गुडघ्यापर्यंत बाहेर दिसत. त्यामुळे आत कोण आहे हे कधी विचारावं लागत नसे. घरातली माणसं एकमेकांना पायांवरून ओळखत. शिट्टीने त्या दाराचे फोटो काढले, वडिलांना पाठवले, आणि गोदामातल्या लोकांना जमवून चक्क भाषण दिलं. "आपल्या पूर्वजांची हुशारी बघा! ओल्या जागी हवा खेळती राहावी म्हणून दार मुद्दाम आखूड. घसरून पडण्याचा धोकाच नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

तर त्या रविवारी ती जिना चढत असताना समोरच्या दारातल्या वहिनी बाहेर आल्या. या वहिनींना सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असतं. त्यात त्यांचा काही दोष नाही. काकूंचं दार फरशीला घासायचं, घासायचं म्हणून पूर्ण लागायचं नाही, आणि लागायचं नाही म्हणून ऐकू यायचं.

"बिस्किटं आणलीस? कशाला खर्च करतेस बाई," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "आज तुला जेवू घालणार आहेत आणि मग सांगणार आहेत."

"काय?"

"की यापुढे येऊ नकोस म्हणून. तुझे काका रात्री म्हणाले, म्हाताऱ्याला ओळख पटत नाही तर आपण किती दिवस चहा पाजायचा?"

आणि तिथेच, जिन्यात, शिट्टीने दाराचं ठरवलं. फोटो नको, बोलणं नको. घरच्या माणसासारखं घरचं काम करायचं. इतकी वर्षं जे दार सगळ्यांनी खांद्याने ढकललं, ते बोटाने उघडलं म्हणजे काकाच म्हणतील, ही आपलीच.

काकू भाजी आणायला निघाल्या होत्या. "थांब हं जेवायला. मग यांना तुझ्याशी जरा बोलायचंय," एवढं म्हणून त्यांनी दाराला खांदा लावला, दार किंचाळलं, त्या गेल्या. काका खाली दुकानात कुणाचा तरी कोट पुरा करत होते. धाकटे आजोबा खुर्चीत डुलक्या घेत होते. मैदान मोकळं होतं.

"वहिनी, तुमच्याकडे करवत आहे?"

"आमच्या ह्यांची आहे. कशाला गं?"

"दाराची खालची कड जराशी कापायची. दोन मिनिटांचं काम!"

दोघींनी मिळून दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि जिन्यातल्या मोकळ्या जागेत आडवं घातलं.

"माप नको का घ्यायला?" वहिनींनी विचारलं.

"मापं शिंप्याला लागतात, वहिनी. सुतारकाम रक्तात असावं लागतं. आमचे आजोबा म्हणायचे, सुतारकामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं."

बोटभर फळी कापून झाली. दार परत चढवलं. घासलं.

"अजून जरा," शिट्टी म्हणाली.

परत उतरवलं, परत कापलं, परत चढवलं. तरी घासलं. तिसऱ्या खेपेला करवत वाकडी गेली, म्हणून ते वाकडं सरळ करायला आणखी कापावं लागलं. सरळ झालेलं दुसऱ्या टोकाला वाकडं निघालं. वहिनी दार धरून धरून घामाघूम झाल्या. "अगं, मी नुसती साखर मागायला बाहेर आले होते," त्या म्हणाल्या. (साखर त्यांच्या घरी डबाभर होती.)

दार पुन्हा चढवलं, ते पुन्हा त्याच कोपऱ्यात घासलं, आणि तेव्हा कुठे शिट्टीने वर पाहिलं. वरची बिजागरी ढिली पडून दार एका बाजूने लोंबत होतं. एवढंच. स्क्रू आवळायची खोटी होती.

ती स्टूल ओढून वर चढली. स्टूल डुगडुगत होतं. गळ्यातली शिट्टी छातीवर हेलकावे खात होती, पण ती फुंकायला मोकळा श्वास कुणापाशी होता? तिने स्क्रू आवळले. दार टुणकन वर उचललं गेलं.

काय सुंदर फिरलं म्हणून सांगू! आवाज नाही, घासणं नाही, करंगळीने ढकललं तरी उघडावं असं. फक्त खाली फरशी आणि दार यांची कायमची फारकत झाली होती. समोरच्या वहिनींचं पायपुसणं घरात बसून दिसत होतं. जिन्यातली मांजर आली आणि मान जराशीही न वाकवता आत निघून गेली.

"वहिनी," शिट्टी म्हणाली, "कापलेल्या फळ्या खिळ्यांनी परत लावल्या तर?"

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. काका आणि काकू दोघंही. शिट्टीने वहिनींना आत ओढलं, दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली. (दार लावल्यावर आपण लपलो असं वाटणं, ही सवय जुन्या दारांची.)

पावलं दाराशी थांबली. मग काकूंचा आवाज.

"अहो, हे पाय कुणाचे?"

"कुठले पाय?"

"दाराखालचे."

"दाराखाली पाय कसे दिसतील? आपलं दार घासतं."

"तेच तर म्हणते मी. हे एक बूटवाले आहेत. आणि ते दुसरे, अंगठा तुटलेल्या चपलेतले, ते समोरच्या वहिनींचे."

"मी साखर मागायला आले होते हो!" आतून वहिनी ओरडल्या.

काका गुडघ्यांवर बसले असावेत, कारण त्यांचा आवाज आता जमिनीवरून आला. "काय चाललंय आत?"

आणि शिट्टीचा आत्मविश्वास अशा वेळी जशी उसळी घेतो तशी त्याने घेतली. ती सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडली, "काही नाही काका! थांबा! दोन मिनिटांचं काम राहिलंय!"

खुर्ची करकरली. धाकटे आजोबा ताठ बसले होते.

"दादा?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराखालून आत येणारा उजेड पाहिला, त्या उजेडात काकांचं कपाळ आणि एक डोळा पाहिला. भुसा पाहिला. वहिनींच्या हातातली करवत पाहिली. मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळे भरले, आणि बोट बाथरूमच्या दाराकडे गेलं.

"हीच! हीच दादाची नात! उघडा रे दार... म्हणजे, या रे आत!"

काका आत आले. डोकं गच्च धरूनच आले. "बाबा, हिने दार कापलंय!"

"अरे, तेच तर म्हणतो! ते बाथरूमचं दार कुणी कापलं मग? दादानेच! तेही घासत होतं. दादा म्हणाला, दोन मिनिटांचं काम. संध्याकाळी आमचे वडील आंघोळीला गेले, ते साऱ्या घराला दिसले."

शिट्टीचा आवाज बारीक झाला. "पण ते... हवा खेळती राहावी म्हणून ना?"

"हवा कसली! वडील म्हणाले, नवं दार घेऊन ये, मगच घरात पाऊल टाक. दाराचा भाव विचारायला गेला, तो थेट परदेशी."

"आजोबा तर म्हणायचे, सुतारकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं."

"खरंच नव्हतं गं. आई बाजारात, मी एवढासा. कुणीतरी हात धरला असता तर दार वाचलं नसतं का?"

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. काका मात्र अजून कापलेल्या फळ्या हातात घेऊन, सवयीने, त्यांची मापं घेत होते.

"काका," शिट्टी म्हणाली आणि आता मघाचं अडलेलं पाणी खरोखरच डोळ्यांतून आलं, "मला वाटाबिटा नको हो. मला फक्त रविवारी यायचं होतं."

काकांनी फळ्या खाली ठेवल्या. घसा खाकरला. "वाटा मागितलास तरी काय देणार? तुझ्या आजोबांच्या वाट्याचं दार ते कधीच कापून बसले. तुझ्या वाट्याचं आज तू कापलंस. हिशेब मिटला." मग तिच्या हातांकडे बघून, "जेवायला बस, पोरी. हात धू आधी, भुसा लागलाय."

पोरी. त्या घरात तिला पहिल्यांदाच कुणी काहीतरी म्हटलं.

निघताना काकूंनी घराची किल्ली तिच्या मुठीत दिली. "तुझंच घर आहे, कधीही ये." तशी त्या घरात शिरायला आता किल्लीची गरज उरली नव्हती, पण देण्यातला भाव मोठा होता.

शिट्टीने जिन्यातूनच वडिलांना फोन लावला. "बाबा, ओळखलं मला!"

"फोटोवरून?"

"नाही, कामावरून!"

"कामावरून!" वडिलांचा ऊर भरून आला. "म्हटलं नव्हतं मी? आपल्या घराण्याच्या हातात कला आहे म्हणून!"

"हो बाबा," म्हणून तिने फोन ठेवला. सुखाच्या वेळी माणसाला फार खोलात नेऊ नये.

पुढच्या रविवारी ती गेली, तेव्हा दाराखालून तिचे बूट बघूनच काकूंनी आतून हाक मारली, "आली गं आपली पोर!" घर कसं आवरलेलं, लख्ख. काकांनी दुकानातली मोठी कात्री कुलपात ठेवली होती. सुरी, विळी, हातोडी, स्क्रूड्रायव्हर, सगळं समोरच्या वहिनींच्या घरी ठेवायला दिलं होतं. वहिनींनी ते पलंगाखाली सरकवून वर गादी टाकली होती.

शिट्टी जेवायला बसली. पानात अख्खा बटाटा, अख्खं वांगं, अख्खी देठासकट भेंडी, आणि बाजूला डोक्याएवढा अख्खा कांदा.

तिने ताटाकडे डोळे भरून पाहिलं. मग फोन काढून वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घेतले आणि वडिलांना, साहेबांना, सगळ्या गोदामाला पाठवले. खाली लिहिलं, "आपले पूर्वज भाजी कधीच चिरत नसत. बोट कापण्याचा धोकाच नाही!"